स्कॉट्स कथागीतें व त्यांतील शब्दांचा अर्थ

पंचवीस-तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. बी. ए. च्या वर्गास आम्ही 'ट्वा कॉर्बीज' हें स्कॉट्स कथागीत शिकवीत होतों. दोन डोमकावळे आपसांत बोलत आहेत. आज जेवावयास कोठें जावें असें एक विचारतो, आणि दुसरा त्यास सांगतो कीं, अमक्या जुन्या 'फेल डाइक'च्या मागें नुकताच मारला गेलेला एक सरदार पडला आहे. 'फेल' म्हणजे निकामी होणें, ढासळणें, आणि 'डाइक' म्हणजे चर, असा इंग्रजीच्या वळणानें अर्थ लावून आम्हीं 'ढासळलेल्या चराच्या मागें' असें भाषांतर ठोकून दिलें. मागच्या बाकावरचा, शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, चरांत माणूस पडेल, चराच्या कांठावर पडेल, पण चराच्या मागें कोणी दडेल कसें?" वर्ग हंसला. आम्हीं कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु घरीं येऊन कोश उघडला तेव्हां आमचे दोन्ही शब्द चुकले होते, आणि त्या मुलाची शंका मात्र रास्त होती, असें ठरलें.

'फेल' म्हणजे गवताच्या मुळांसकट कापून काढलेली मातीची चीप. इंग्रजींतील 'फेल'शीं तिचा कांहीं संबंध नाहीं. आणि 'डाइक' म्हणजे स्कॉटलंडांत चर नव्हे, तर भिंत किंवा बांध. दगडी गडगे सर्रास होण्यापूर्वीं तेथील शेतकरी अशा चिपा एकावर एक रचून शेत व कुरण यांच्या सीमेवर बांध घालीत असत. म्हणजे हा सरदार रणांगणावर पडलेला नाहीं, निबिड अरण्यांतहि नाहीं. कोणाच्या तरी शेताच्या बांधाआड, बहुधा वस्तीपासून हांकेच्या अंतरावर पडला आहे, आणि तरीहि त्याची कोणास वार्ता नाहीं. वार्ता आहे ती तिघांस: त्याचा कुत्रा, त्याचा ससाणा आणि त्याची प्रिया. कुत्रा शिकारीस गेला आहे, ससाणा रानपांखरें आणावयास गेला आहे, आणि प्रियेनें दुसरा जोडीदार पाहिला आहे. 'बांधाआड' हा शब्द एकदां हातीं आला म्हणजे, ही जागा त्या स्त्रीस कशी ठाऊक, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. गीत त्याचें उत्तर देत नाहीं. परंतु आमच्या 'ढासळलेल्या चरा'नें तो प्रश्नच पुसून टाकला होता.

हेंच गीत पुढें चालवूं. एक कावळा म्हणतो कीं, घरटें उघडें पडूं लागलें म्हणजे या मृताच्या सोनेरी केसांनीं आपण तें 'थीक' करूं. आमच्या हातांतील आवृत्तींत या शब्दाखालीं 'झांकणें' एवढीच टीप होती, आणि तितक्यानें आमचें समाधान झालें होतें. वस्तुतः 'थीक' करणें म्हणजे शाकारणें. पावसाळ्यापूर्वीं छप्पर शाकारावयाचें असतें, तसें. हा शब्द ज्यांनीं वापरला त्यांचीं घरेंहि गवतानें, रानझुडपांनीं आणि मातीच्या चिपांनीं शाकारलेलीं होतीं. म्हणजे कावळा येथें एखाद्या काटकसरी कुटुंबप्रमुखासारखा बोलत आहे: जेवणाची सोय झाली, आतां छपराचीहि होईल. या गीतांत 'भयाण, गूढ वातावरण' आहे असें इंग्रज टीकाकारांच्या मागोमाग आपल्याकडेहि म्हणण्याची चाल आहे. आम्हीहि तसें म्हणत होतों. आतां आम्हांस वाटतें कीं, भयाण तें वातावरण नव्हे. भयाण आहे ती त्या बोलण्यांतली घरगुती निश्चिंतता. इ. स. १६११ सालीं रेव्हन्स्क्रॉफ्टनें छापलेलें या गीताचें इंग्रज भावंड ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस हें लगेच पटेल. तेथें कुत्रे राखण करीत बसतात, ससाणे पहारा करतात, प्रिया हरिणीच्या रूपानें येऊन प्रेत पुरते आणि स्वतः प्राण सोडते. तेथें शोक आहे, विधि आहे. १८०३ सालीं स्कॉटच्या संग्रहांत प्रथम छापल्या गेलेल्या स्कॉट्स गीतांत जेवण आहे आणि छपराची दुरुस्ती आहे.

या गीतांच्या शब्दांविषयीं आपल्या सुशिक्षित वाचकांत दोन गैरसमज रूढ आहेत. पहिला, स्कॉट्स म्हणजे डोंगराळ मुलुखांतील गेलिक भाषा होय, हा. गेलिक ही केल्टिक कुळांतील, अगदीं निराळी भाषा आहे. स्कॉट्स ही उत्तर इंग्लंडांतील प्राचीन अँग्लियन बोलीपासून वाढलेली, इंग्रजीची सख्खी बहीण. तिच्यांत नॉर्स, फ्रेंच, डच आणि गेलिक शब्दांची भर पडलेली आहे. डोमकावळ्याचें 'कॉर्बी' हें नांव फ्रेंचांतून आलेलें; कंठास 'हॉझ' म्हणतात तो शब्द जर्मन 'हाल्स'चा नातलग. दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. तो असा कीं, कोशांत पाहावे लागतात तेच शब्द कठीण. आमच्या अनुभवास याच्या उलट आलें. 'कॉर्बी' किंवा 'हॉझ' दिसला म्हणजे वाचक थबकतो, टीप पाहतो आणि सुरक्षित पुढें जातो. फसवतात ते ओळखीचे चेहरे. हिंदीभाषी माणूस मुलाच्या 'शिक्षे'विषयीं बोलूं लागला कीं मराठी माणूस दचकतो. येथें दचकण्याचीहि सोय नाहीं, कारण चुकीचा अर्थ बहुधा ओळींत नीट बसतो. स्कॉट्समध्यें 'ग्रीट' म्हणजे रडणें. इंग्रजीच्या सवयीनें वाचणारा तेथें स्वागत करतो. 'लिफ्ट' म्हणजे आकाश; 'सर पॅट्रिक स्पेन्स'मधील वादळाच्या प्रसंगीं तें काळवंडतें. 'मेन' म्हणजे आक्रोश. वाचकास घोड्याची आयाळ आठवते. 'वॉन' हें पाण्याचें विशेषण कथागीतांत पुन्हां पुन्हां येतें. इंग्रजींत त्याचा अर्थ फिकट, निस्तेज असा झाला आहे, परंतु या गीतांत तो जुना अर्थ टिकून आहे, आणि तो आहे काळेंभोर. नदी ओलांडून जाणारा प्रियकर फिकट पाण्यांत उतरतो कीं काळ्या पाण्यांत, हा भेद क्षुल्लक नव्हे.

उच्चाराचीहि तीच गोष्ट आहे. घर, दगड, हाड, एकटा या अर्थांचे इंग्रजी शब्द 'ओ'कारानें उच्चारले जातात, तर स्कॉट्समध्यें ते 'हेम', 'स्टेन', 'बेन', 'अलेन' असे होतात. छापतांना कोणा सभ्य संपादकानें 'हेम'चें 'होम' केलें कीं 'केम'शीं जुळणारें यमक तुटतें. उलट, छापील गीतांत यमक लंगडें दिसलें तर तेथें शब्द बदलला गेला असावा असा संशय घ्यावयास हरकत नाहीं.

आतां ज्या गीतानें आम्हांस सर्वांत अधिक शिकविलें त्याकडे वळूं. तें म्हणजे 'द वाइफ ऑफ अशर्स वेल'. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनीं १८८२ ते १८९८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ३०५ कथागीतांच्या महासंग्रहांत त्यास ७९ वा क्रमांक दिला आहे. (शेवटचा भाग निघण्यापूर्वींच, १८९६ सालीं, चाइल्ड वारले, तो त्यांचे शिष्य किट्रेज यांनीं पुरा केला.) कथा थोडकी आहे. एक सधन स्त्री आपले तीन मुलगे समुद्रावर धाडते. थोड्याच दिवसांत ते गेल्याची वार्ता येते. मुलगे रक्तामांसाच्या देहानें घरीं परत येईपर्यंत वारा थांबूं नये असें ती म्हणते. हिंवाळ्याच्या तोंडाशीं, मार्टिनमसच्या सुमारास, ते येतात. आई आग फुलवावयास सांगते, मेजवानी करते, अंथरूण घालते, उशाशीं बसते. कोंबडा आरवतो आणि ते निघून जातात.

ही वार्ता आली त्या जागीं गीतांत त्या स्त्रीस 'कार्लिन' म्हटलें आहे. नॉर्समधून आलेल्या या शब्दाचा साधा अर्थ म्हातारी. परंतु स्कॉट्समध्यें त्यास चेटकिणीचीहि छटा आहे. 'आई' म्हणून वाचलें तर तिचें बोलणें हा शोकाचा उद्गार ठरतो. 'कार्लिन' म्हणून वाचलें तर ती वाऱ्यास घातलेली आण ठरते, आणि मुलांचें येणें हा त्या आणेचा परिणाम. आमच्या मतें गीतानें दोन्ही अर्थ एकत्र ठेवले आहेत, आणि संग्रहकारांच्या 'वृद्धा' या टीपेनें त्यांतला एक मारला आहे.

मुलांच्या डोक्यावर भूर्जाच्या टोप्या आहेत. तो भूर्ज पृथ्वीवरचा नव्हे, स्वर्गाच्या दारांत उगवलेला आहे, हें सांगतांना गीत तीन जागांचीं नांवें घेऊन त्या नाकारतें. त्यांतलीं दोन नांवें 'साइक' आणि 'शूख'. हे शब्द आम्हांस एके काळीं फार मोहक वाटत. त्यांच्या नादांत कांहीं अद्भुत आहे असें आम्हीं वर्गांत सांगितल्याचेंहि स्मरतें. 'साइक' म्हणजे ओहोळ आणि 'शूख' म्हणजे चर. (आमच्या नशिबीं चर आहे तो असा.) त्यांत अद्भुत कांहीं नाहीं. शेतावर रोज ओलांडावयाच्या त्या जागा. आणि म्हणूनच त्यांचा नकार अर्थपूर्ण आहे: त्या बाईनें आयुष्यभर पाहिलेल्या कोणत्याहि ओहोळाच्या वा चराच्या कांठीं हें झाड उगवलेलें नाहीं. अपरिचित शब्दाच्या नादानें आम्हांस जी मोहिनी पडली होती ती त्या गीताची नव्हती. ती आमच्या अज्ञानाची होती.

निरोपाच्या वेळीं एक मुलगा म्हणतो कीं, किडा 'चॅनर' करतो आहे, आतां जावयास हवें. हा थडग्यांतला किडा. बहुतेक वाचक या विशेषणाचा अर्थ कुरतडणारा असा करतात. किड्याचें कामच तें. परंतु 'चॅनर' करणें म्हणजे कुरकुरणें, बडबडून दोष काढणें. उशिरां घरीं येणाऱ्या मुलावर किंवा गड्यावर घरांतलें वडील माणूस करतें तसें. म्हणजे थडगें हेंहि आतां एक घर झालें आहे. तेथेंहि वेळेवर परतावें लागतें, आणि जागा रिकामी दिसली तर बोलणीं खावीं लागतात. आईच्या घरीं आग आहे, अंथरूण आहे. परंतु मुलांवर कुरकुर करण्याचा हक्क दुसऱ्या घराकडे गेला आहे. मार्टिनमस, म्हणजे ११ नोव्हेंबर, हा स्कॉटलंडांत खंड भरण्याचा व गडीमाणसांच्या करारांचा दिवस असे, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या भेटीचा दिवस उगाच निवडलेला वाटणार नाहीं. 'कुरतडणारा' म्हणून ही ओळ वाचली तर किळस येते. 'कुरकुरणारा' म्हणून वाचली तर गळा दाटून येतो.

येथें एक विरोधी मत नमूद करणें अवश्य आहे. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेनें १९५४ सालीं एका लेखांत असें लिहिलें कीं, १५९२ सालीं मारल्या गेलेल्या मरेच्या अर्लविषयींचें गीत लहानपणीं ऐकतांना, त्यास हिरवळीवर निजविलें या अर्थाचे शब्द तिला 'लेडी माँडेग्रीन' असे ऐकूं आले, आणि अर्लच्या शेजारीं प्राण सोडणारी एक स्त्री तिच्या मनांत उभी राहिली. चुकीचें ऐकणें मुळाहून सुंदर असूं शकतें, असें तिचें म्हणणें. अशा श्रवणदोषांस पुढें तेंच नांव पडलें. ही चूक गोड आहे खरी. तथापि त्या लेखिकेस आपली चूक कळली होती, म्हणून तिला दोन गीतें मिळालीं. ज्यास चूक कळत नाहीं त्याच्या वांट्यास एकच येतें, आणि तें त्याचें स्वतःचें.

शिवाय चुका ऐकणाऱ्या मुलांच्याच नव्हेत, थोरांच्याहि आहेत. यॉर्कशरकडील प्रेतजागराचें एक गीत स्कॉटनें आपल्या संग्रहांत घेतलें. त्यांत एके ठिकाणीं 'स्लीट' असें छापलें आहे. इंग्रजींत त्याचा अर्थ बर्फमिश्रित पाऊस. तो तेथें विसंगत आहे हें स्कॉटच्याहि ध्यानांत आलें, म्हणून तो शब्द मिठावरून आला असावा असा त्यानें तर्क केला. प्रेताच्या छातीवर मीठ ठेवण्याची चाल होतीच. सतराव्या शतकांतील ऑब्रीच्या हस्तलिखितांत मात्र तेथें 'फ्लीट' आहे, म्हणजे घराची भुई, निवारा. आग, निवारा आणि दिवा: मेलेल्यास घरानें द्यावयाच्या शेवटच्या तीन वस्तु. स्कॉटचा तर्क विद्वत्तेचा होता. पण शब्द घरांतला होता.

विद्वानांची ही अडचण सहजासहजीं उत्पन्न झालेली नाहीं. १६०३ सालीं दोन्ही मुकुट एक झाले, १७०७ सालीं पार्लमेंटें एक झालीं, आणि एडिंबरोच्या सुशिक्षितांस आपल्या बोलीची लाज वाटूं लागली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेंहि १७५२ सालीं टाळावयाच्या स्कॉट्स प्रयोगांची यादी छापली. आणि त्याच समाजांतील माणसें त्याच शतकांत जुनीं गीतें गोळा करीत होतीं. जी भाषा दिवाणखान्यांत चालत नव्हती ती पुरातन म्हणून मात्र हवीशी होती. मग ती पुरेशी पुरातन नसेल तर तशी करण्यांत येई. १७१९ सालीं प्राचीन म्हणून प्रसिद्ध झालेलें 'हार्डीन्यूट' पुढें लेडी वॉर्डलॉची रचना ठरलें. पर्सीच्या १७६५ च्या संग्रहांतील 'एडवर्ड' हें गीत फार मोठ्या योग्यतेचें आहे. परंतु त्याच्या मुद्दाम जुनाट केलेल्या वर्णलेखनानें त्याच्या अस्सलपणाविषयींच शंका निर्माण केल्या. विसाव्या शतकांत अॅबर्डीनच्या जीनी रॉबर्टसन या फिरस्त्या जमातीच्या गायिकेच्या तोंडून त्याच कथेचें गीत ध्वनिमुद्रित झालें, तेव्हां त्या जुनाट वेषाची मुळीं गरजच नव्हती हें दिसून आलें.

या बाबतींत सर्वांत परखड टीका एका मेंढपाळाच्या घरांतून झाली. जेम्स हॉग या कवीच्या आईनें, तिनें गाइलेलें गीत स्कॉटनें छापलें तेव्हां, त्यास तोंडावर सांगितलें कीं, हीं गीतें म्हणावयासाठीं होतीं, वाचावयासाठीं नव्हेत. तुम्हीं तीं बिघडवलींत, आणि शिवाय तीं धड लिहिलींहि नाहींत. ही हकीगत हॉगनेंच नमूद केली आहे, आणि तिच्यांत त्यानें थोडें तिखटमीठ लावलें असल्यास नवल नाहीं. तरी स्कॉटवर आमचा राग नाहीं. त्यानें छापलीं नसतीं तर बिघडलेलींहि मिळालीं नसतीं.

स्कॉटच्या साह्यकांपैकीं एकाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्याचा शेवटचा मार्ग आपल्या देशांतून गेला. जॉन लेडन हा सीमाप्रांतांतील डेनहॉम गांवच्या एका मेंढपाळाचा मुलगा. एका गीताचा उरलेला भाग एका वृद्ध माणसास येतो असें कळतांच तो चाळीस-पन्नास मैल पायीं जाऊन तो घेऊन आला, आणि गातगातच स्कॉटच्या घरांत शिरला. १८०१ सालीं त्यानें 'कंप्लेंट ऑफ स्कॉटलंड' या सोळाव्या शतकांतील ग्रंथाची आवृत्ति काढली व तीस विस्तृत शब्दकोश जोडला. त्या कोशाचें बळ लहानपणीं घरांत ऐकलेल्या बोलीचें होतें. १८०३ सालीं तो मद्रासेस आला, हिंदुस्थानच्या भाषांच्या मागें लागला, आणि १८११ सालीं बटाव्हियास वारला. त्यानें हातीं घेतलेलें बाबराच्या आत्मचरित्राचें भाषांतर मुंबईच्या विल्यम अर्स्किननें पुरें करून १८२६ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्याकडे लेडन आठवतो तो या भाषांतरासाठीं. स्कॉटलंडांत आठवतो तो गीतांसाठीं.

पुढील कोशकार्य प्रचंड झालें. जेमिसनचा कोश १८०८ चा. त्यानंतर दहा खंडांचा 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी' १९७६ सालीं पुरा झाला, आणि जुन्या स्कॉट्सचा बारा खंडांचा कोश २००२ सालीं. आज दोन्ही संगणकावर विनामूल्य पाहतां येतात, त्यामुळें आमच्यासारख्या अध्यापकास आळसाखेरीज कोणतीच सबब उरलेली नाहीं. आणि ही मृत भाषाहि नव्हे: २०११ च्या शिरगणतींत पंधरा लाखांहून अधिक लोकांनीं आपणांस स्कॉट्स बोलतां येतें असें सांगितलें. 'शूख' आजहि तेथें चरच आहे.

तरीहि कांहीं शब्द कोशानें सुटत नाहींत. अशर्स वेलच्या त्या स्त्रीनें वाऱ्याबरोबर पाण्यासहि आण घातली आहे, आणि तेथें जो शब्द छापला आहे तो 'फॅशेस'. त्याचा अर्थ त्रास, कटकट. पाण्याची कटकट म्हणजे खळबळ, असें कांहींजण ओढून आणतात. दुसरे म्हणतात, तेथें मासे हा शब्द होता. तिसरे एक अक्षर घालून त्यास पुराचे लोंढे करतात. गेल्या सालीं वर्गांत हे तिन्ही पाठ आम्हीं फळ्यावर लिहिले. मालवणकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, वारा थांबूं नये म्हणणारी बाई माशांचें कशाला काढील? ती उधाणच मागेल." तिच्या म्हणण्याकडे आमचा कल आहे, परंतु 'फॅशेस'चा अर्थ उधाण असा कोठेंहि मिळत नाहीं, आणि एक अक्षर घालण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं. या गीताचें मराठी रूपांतर आम्ही कांहीं महिन्यांपासून करीत आहों. 'शूख'ला चर मिळाला, 'चॅनर'ला कुरकुर मिळाली, 'कार्लिन'साठीं 'म्हातारी' हाच शब्द ठेवला, कारण आपल्या गांवोगांवच्या गोष्टींतील म्हातारीलाहि ती दुसरी छटा आहेच. त्या एका शब्दाच्या जागीं मात्र मसुद्यांत अजून रेघ ओढलेली आहे.